इंडियाना विद्यापीठाचा २०२४ चा फुटबॉल हंगाम: नव्या प्रशिक्षकाच्या पहिल्या वर्षाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने २०२४ मध्ये, नवे मुख्य प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी यांच्या पहिल्याच हंगामात, १३ पैकी ११ सामने जिंकले. आदल्या वर्षी याच संघाने १२ पैकी ९ सामने गमावले होते. हा पालट कसा झाला, त्यात प्रशिक्षकाचा वाटा किती, बदललेल्या नियमांचा किती आणि सोप्या प्रतिस्पर्ध्यांचा किती, याविषयी तिकडे शिकणारे विद्यार्थी, त्यांचे इकडचे पालक आणि हा खेळ नव्याने पाहू लागलेले मराठी प्रेक्षक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

हा फुटबॉल म्हणजे आपण खेळतो तोच का?

नाही. हा अमेरिकन फुटबॉल असून त्याचे नाते रग्बीशी अधिक जवळचे आहे. दोन्ही बाजूंचे अकरा-अकरा खेळाडू १०० यार्ड लांबीच्या मैदानावर उतरतात आणि चेंडू ज्याच्या ताब्यात असतो त्या संघाला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. तेवढे अंतर कापले की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. समोरच्या टोकाच्या पट्ट्यात चेंडू नेला तर टचडाउन, म्हणजे सहा गुण आणि जोडीला बोनसची संधी. खांबांमधून चेंडू लाथाडला तर तीन गुण. तीन प्रयत्नांत काम झाले नाही की चौथ्या वेळी बहुतेक संघ चेंडू लाथेने दूर प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीत उडवून देतात. त्याला पंट म्हणतात. आक्रमणाची सूत्रे हलवणारा, चेंडू फेकणारा खेळाडू म्हणजे क्वार्टरबॅक. पुढची उत्तरे समजण्यासाठी इतके पुरेसे आहे.

महाविद्यालयीन संघाला एवढे महत्त्व कशामुळे?

आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धांचे सामने खेळाडूंचे मित्र आणि फार तर घरचे पाहतात, त्यामुळे हा प्रश्न स्वाभाविक आहे. अमेरिकेत मात्र अनेक राज्यांत व्यावसायिक संघ नाहीत आणि जिथे आहेत तिथेही गावाची, घराण्याची निष्ठा विद्यापीठाच्या संघाशी शतकभर बांधलेली असते. इंडियानाचे ब्लूमिंग्टन येथील मेमोरियल स्टेडियम सुमारे ५२ हजार प्रेक्षकांचे आहे आणि तिथल्या मानाने ते लहान समजले जाते. शेजारच्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये एक लाखाहून अधिक लोक बसतात. दूरचित्रवाणीच्या हक्कांतून मिळणारा पैसा इतका मोठा आहे की सार्वजनिक विद्यापीठांच्या फुटबॉल प्रशिक्षकाचा पगार कुलगुरूंच्या पगाराच्या कितीतरी पट असतो. ही व्यवस्था योग्य की अयोग्य, यावर तिकडेही वाद आहेत, परंतु ती तशी आहे हे मान्य केल्याशिवाय पुढचे काहीच उलगडत नाही.

याआधी इंडियानाचा संघ कसा होता?

वाईट, आणि तोही दीर्घकाळ. सिग्नेटी आले तेव्हा महाविद्यालयीन फुटबॉलच्या सर्वोच्च विभागात सर्वाधिक पराभव, सातशेहून अधिक, इंडियानाच्या नावावर होते. एका हंगामात दहा विजय या संघाने कधीच मिळवले नव्हते. १९४५ मध्ये तो अपराजित राहिला, पण विजय नऊच होते. १९६७ मध्ये प्रशिक्षक जॉन पाँट यांच्या संघाने पुन्हा नऊ विजय मिळवून रोझ बोल हा हंगामअखेरचा मानाचा सामना गाठला आणि तिथे सदर्न कॅलिफोर्नियाकडून ३-१४ असा पराभव पत्करला. त्यानंतरच्या पिढ्यांना या दोन वर्षांच्या आठवणींवरच भागवावे लागले.

इंडियाना हे बास्केटबॉलचे विद्यापीठ आहे, हे येथे सांगणे आवश्यक आहे. १९४०, १९५३, १९७६, १९८१ आणि १९८७ अशी पाच राष्ट्रीय विजेतेपदे त्याच्याकडे आहेत आणि १९७६ च्या बॉब नाइट यांच्या संघाने तर ३२ पैकी ३२ सामने जिंकले होते. त्यामुळे शरद ऋतूतला फुटबॉल म्हणजे बास्केटबॉल सुरू होईपर्यंतचा वेळ, असे मानणारे लोक ब्लूमिंग्टनमध्ये कमी नव्हते. स्टेडियमच्या वाहनतळावर गाडीच्या मागे शेगडी मांडून खाणेपिणे करायचे, मनात आले तर आत जायचे आणि मध्यंतरात पुन्हा वाहनतळावर यायचे, ही तिथली जुनी रीत होती.

आधीचे प्रशिक्षक का गेले?

टॉम ॲलन यांना एकाएकी काढले, असे म्हणता येणार नाही. करोनाकाळातील २०२० च्या छोट्या हंगामात त्यांच्या संघाने आठपैकी सहा सामने जिंकले आणि ॲलन यांचा देशभर गौरव झाला. पुढची तीन वर्षे मात्र २-१०, ४-८ आणि ३-९ अशी गेली, म्हणजे ३६ सामन्यांत फक्त ९ विजय. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस, हंगाम संपताच, विद्यापीठाने त्यांना मुक्त केले. गौरवाच्या काळात केलेला करार इतका उदार होता की तो मोडण्यासाठी विद्यापीठाला १ कोटी ५५ लाख डॉलर द्यायचे मान्य करावे लागले, आणि ही तडजोडीनंतरची रक्कम होती.

कर्ट सिग्नेटी नेमके कोण?

ते प्रशिक्षकाच्या घरातच जन्मले. त्यांचे वडील फ्रँक सिग्नेटी हे वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाचे आणि पुढे अनेक वर्षे इंडियाना युनिव्हर्सिटी ऑफ पेन्सिल्व्हेनियाचे मुख्य प्रशिक्षक होते. (हे दुसरे विद्यापीठ पेन्सिल्व्हेनिया राज्यातील इंडियाना नावाच्या गावी आहे, नावातील साम्यामुळे अनेकांचा घोटाळा होतो.) कर्ट स्वतः वेस्ट व्हर्जिनियासाठी क्वार्टरबॅक म्हणून खेळले आणि मग जवळजवळ तीन दशके सहायक प्रशिक्षक राहिले. २००७ ते २०१० या काळात ते अलाबामा विद्यापीठात मुख्य प्रशिक्षक निक सेबन यांच्या हाताखाली होते आणि नवे खेळाडू हेरण्याची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. २००९ चे राष्ट्रीय विजेतेपद त्याच काळातले.

त्यानंतर त्यांनी केलेली गोष्ट त्या धंद्यात क्वचितच कोणी करतो. देशातल्या सर्वात यशस्वी संघातील नोकरी सोडून, कमी पगारावर, ते २०११ मध्ये वडिलांच्या जुन्या संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. हा संघ सर्वोच्च विभागापासून दोन पायऱ्या खाली खेळत असे. पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांना स्वतःचा संघ हवा होता आणि मोठ्या विद्यापीठांतून तसे बोलावणे येत नव्हते. तिथे ५३-१७, मग नॉर्थ कॅरोलायनातील इलॉन विद्यापीठात १४-९ आणि व्हर्जिनियातील जेम्स मॅडिसन विद्यापीठात ५२-९ अशी कामगिरी करत ते ब्लूमिंग्टनला आले, तेव्हा त्यांची एकूण नोंद ११९-३५ होती. मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांचा एकही हंगाम तोट्यात गेला नव्हता. हे आकडे लहान संघांबरोबरचे होते, त्यामुळे मोठ्या विद्यापीठांनी त्यांच्याकडे लक्ष दिले नाही. वय ६२ झाले होते, हेही एक कारण असावे.

"गूगल करून बघा" हे वाक्य त्यांनी खरोखरच उच्चारले होते का?

होय. डिसेंबर २०२३ मध्ये, नव्या खेळाडूंच्या करारांविषयीच्या पत्रकार परिषदेत, तुम्ही खेळाडूंना आपली योजना कशी पटवून देता, असा प्रश्न आला. "सोपे आहे, मी जिंकतो. गूगल करून बघा," असे त्यांनी उत्तर दिले. त्याच सुमारास बास्केटबॉलच्या एका सामन्यात प्रेक्षकांसमोर ध्वनिक्षेपक हातात आल्यावर त्यांनी पर्ड्यू, मिशिगन आणि ओहायो स्टेट या तिन्ही प्रतिस्पर्ध्यांची एका दमात टर उडवली. शेवटच्या क्रमांकांवर राहण्याची सवय झालेल्या संघाच्या प्रशिक्षकाने असे बोलावे, हे अनेकांना पोरकट वाटले. आमच्या मते ते विचारपूर्वक केलेले होते. ज्या गावात संघ हरणारच असे गृहीत धरले जाते, तिथे तिकिटे खपवण्यासाठी आणि खेळाडू बोलावण्यासाठी कोणीतरी आवाज चढवणे भाग होते. मैदानावर मात्र हा माणूस हसताना सहसा दिसत नाही. संघ पन्नास गुणांनी पुढे असतानाही त्यांचा चेहरा आंबट असतो.

एका वर्षात संघ बदलला कसा? नवे खेळाडू आले कुठून?

या हंगामाचे मर्म या प्रश्नात आहे, म्हणून उत्तर थोडे लांबणार आहे.

पूर्वी एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात गेलेल्या खेळाडूला साधारणपणे एक वर्ष बाहेर बसावे लागे. २०२१ मध्ये एकदा बदली करण्याची मोकळीक मिळाली आणि एप्रिल २०२४ मध्ये, अभ्यासक्रमातील पात्रता टिकवली तर कितीही वेळा बदली करण्यास हरकत नाही, असा नियम झाला. बदली करू इच्छिणाऱ्यांची नावे ज्या यादीत येतात तिला ट्रान्सफर पोर्टल म्हणतात. त्याच २०२१ सालापासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि छबीवर पैसे कमावण्याचीही मुभा मिळाली. परिणामी, शाळेतून मुले निवडायची आणि चार वर्षे घडवायची, हा जुना मार्ग एकमेव राहिला नाही.

सिग्नेटी यांनी या संधीचा वापर फार नेमकेपणाने केला. जेम्स मॅडिसनमधून १३ खेळाडू त्यांच्या मागोमाग ब्लूमिंग्टनला आले: लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या दुसऱ्या फळीतले, एडन फिशर आणि जेलिन वॉकर, बचावफळीच्या कडेचा मिकाइल कमारा, मध्यभागी ठाण मांडणारा जेम्स कार्पेंटर, पास झेलणाऱ्यांना रोखणारा कॉर्नरबॅक डी'अँजेलो पाँड्स, पास झेलणारा रिसीव्हर इलायजा सॅरट, धावपटू टाय सन लॉटन आणि इतर. आक्रमणाचे समन्वयक माइक शॅनहन आणि बचावाचे समन्वयक ब्रायंट हेन्स हेही तिथूनच आले. म्हणजे नव्या गावात जुने बिऱ्हाडच थाटले गेले. बचावातील खुणा, सरावाची शिस्त, प्रशिक्षकाचा स्वभाव, हे सगळे या मुलांना ठाऊक होते आणि बाकीच्यांना ते शिकवायला तेच पुरेसे होते. नवा प्रशिक्षक आला की पहिले वर्ष एकमेकांना ओळखण्यात जाते. इंडियानात ते गेले नाही.

निवडीचे सूत्रही साधे होते. अंगात काय दडले आहे यापेक्षा मैदानावर प्रत्यक्ष काय करून दाखवले आहे, हे पाहायचे. शाळेतून निघताना ज्यांना मोठ्या विद्यापीठांनी बुटके, हळू किंवा हलके म्हणून नाकारले, पण ज्यांनी लहान संघांतून दोन-तीन हंगाम भरपूर खेळून दाखवले, अशी २२-२३ वर्षांची मुले त्यांनी घेतली. पाँड्स हा त्याचा उत्तम नमुना आहे. उंचीने तो प्रतिस्पर्धी रिसीव्हरच्या खांद्याला लागतो; पण ऑक्टोबरात वॉशिंग्टनविरुद्ध त्याने दोनदा चेंडू हिसकावला आणि त्यातला एक ६७ यार्ड पळवत नेऊन टचडाउन केले.

सगळेच नवे होते असेही नाही. आक्रमणाच्या पुढच्या फळीतील माइक कॅटिक आणि कार्टर स्मिथ हे जुन्या संघातलेच. पोर्टल सर्वांसाठी खुले होते आणि त्या वर्षी कितीतरी प्रशिक्षकांनी डझनांनी खेळाडू आणले. नियमामुळे हे शक्य झाले, एवढे खरे. परंतु कोणाला आणायचे हे नियम सांगत नाही.

क्वार्टरबॅक कर्टिस रूर्क याचे महत्त्व किती?

फार. रूर्क कॅनडाचा, ऑन्टारिओतील ओकव्हिलचा. त्याने आधीची वर्षे ओहायो विद्यापीठात काढली होती (हे ओहायो स्टेटपेक्षा वेगळे आणि बरेच लहान). त्याचा हात बंदुकीसारखा नव्हता, पण निर्णय झटपट आणि नेम अचूक होता. हंगामअखेर त्याच्या नावावर ३,०४२ यार्ड, २९ टचडाउन आणि केवळ ५ चुकलेले, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेलेले, पास होते. वर्षातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूला मिळणाऱ्या हाइझमन पुरस्काराच्या मतदानात तो नववा आला.

नेब्रास्काविरुद्ध त्याच्या उजव्या अंगठ्याला दुखापत झाली आणि शस्त्रक्रिया करावी लागली. वॉशिंग्टनविरुद्धचा एक सामना त्याच्या जागी टेव्हन जॅक्सन खेळला आणि जिंकला. पुढच्याच आठवड्यात रूर्क परतला आणि मिशिगन स्टेटविरुद्ध त्याने चार टचडाउन पास फेकले. हंगाम संपल्यावर जानेवारीत आणखी एक गोष्ट बाहेर आली: गुडघ्यातील फाटलेल्या अस्थिबंधासह तो संपूर्ण हंगाम खेळला होता. फार पळत का नाही, म्हणून त्याच्यावर टीका करणाऱ्यांना उत्तर मिळाले.

हंगामातील सर्व सामन्यांचे निकाल काय होते?

हंगामापूर्वीच्या पत्रकारांच्या अंदाजात बिग टेन गटातील १८ संघांमध्ये इंडियानाला १७ वे स्थान मिळाले होते. प्रत्यक्षात फ्लोरिडा इंटरनॅशनलवर ३१-७, वेस्टर्न इलिनॉयवर ७७-३, लॉस एंजेलिस परिसरात जाऊन यूसीएलएवर ४२-१३, शार्लटवर ५२-१४, मेरीलँडवर ४२-२८, नॉर्थवेस्टर्नवर ४१-२४, नेब्रास्कावर ५६-७, वॉशिंग्टनवर ३१-१७, मिशिगन स्टेटवर ४७-१० आणि मिशिगनवर २०-१५ असे ओळीने दहा विजय मिळाले. मग ओहायो स्टेटकडून १५-३८ पराभव, पर्ड्यूवर ६६-० विजय आणि राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बाद फेरीत, म्हणजे प्लेऑफमध्ये, नोत्र दामकडून १७-२७ पराभव.

१३ सामन्यांत संघाने ५३७ गुण केले आणि २०३ दिले, म्हणजे सामन्यामागे सरासरी ४१ विरुद्ध १५ ते १६. पहिल्या आठ सामन्यांत एक क्षणभरही संघ पिछाडीवर नव्हता. नवव्या सामन्यात मिशिगन स्टेटने ०-१० असे मागे टाकले तेव्हा ही वेळ प्रथम आली, आणि त्यानंतरचे सगळे ४७ गुण इंडियानाचे होते.

या विजयांपैकी सर्वात मोलाचा कोणता?

गुणफरक पाहिला तर उत्तर चुकेल. आमच्या मते ९ नोव्हेंबरचा मिशिगनवरचा विजय. मिशिगन आदल्या वर्षीचा राष्ट्रीय विजेता होता, जरी त्या वर्षी त्याची घडी विस्कटलेली होती. मध्यंतराला इंडियाना १७-३ असा पुढे होता. उत्तरार्धात आक्रमण पार आटले: संपूर्ण अर्ध्या सामन्यात मिळून १८ यार्ड. आघाडी घटत घटत दोन गुणांवर आली. आधीच्या कोणत्याही इंडियाना संघाने असा सामना घालवला असता, आणि स्टेडियममधील जुन्या प्रेक्षकांना तो पराभव समोर दिसतही असावा. पण बचावफळीने आघाडी जाऊ दिली नाही, शेवटी तीन गुणांची एक किक साधली आणि २०-१५ असा, विद्यापीठाच्या इतिहासातील पहिला दहावा विजय नोंदला गेला. पन्नास गुण करणारा संघ त्या दिवशी वीस गुणांत जिंकला, म्हणून तो मोलाचा.

ओहायो स्टेटविरुद्ध काय बिनसले?

२३ नोव्हेंबरला कोलंबस येथे पाचव्या क्रमांकाचा इंडियाना दुसऱ्या क्रमांकाच्या ओहायो स्टेटसमोर उभा होता. पहिल्याच चढाईत इंडियानाने टचडाउन करून ७-० आघाडी घेतली. गुण ७-७ असताना, मध्यंतराच्या तोंडावर, पंट मारणाऱ्याच्या हातातून चेंडू निसटला आणि तो स्वतःच्या गोललाइनजवळ धरला गेला. ओहायो स्टेटला अवघे काही यार्ड पार करायचे होते. ते त्यांनी केले. तिसऱ्या सत्रात केलेब डाउन्सने इंडियानाचा पंट पकडून ७९ यार्ड पळत टचडाउन केले आणि सामना तिथेच हातचा गेला.

या दोन चुकांवर खापर फोडणे सोपे आहे, परंतु खरा फरक पुढच्या फळीत होता. रूर्क पाच वेळा जमिनीवर आडवा झाला, त्याच्या १८ पैकी ८ पास यशस्वी झाले आणि त्यांतून फक्त ६८ यार्ड मिळाले. संघाचे एकूण अंतर १५१ यार्ड होते. लहान विद्यापीठांतून निवडलेली हुशार, शिस्तबद्ध मुले एका मर्यादेपर्यंत नेतात. १४०-१५० किलोंच्या आणि तरीही चपळ अशा बचावपटूंना थोपवायचे असेल तर तसेच देह लागतात, आणि त्या वर्षी ते इंडियानाकडे पुरेसे नव्हते.

गटात ८-१ अशी कामगिरी असूनही संघ बिग टेनच्या अंतिम सामन्यात का नव्हता?

ऑरेगन अपराजित राहून पहिला आला. दुसऱ्या जागेसाठी इंडियाना आणि पेन स्टेट दोघांचीही ८-१ अशी बरोबरी होती. दोघांची आपसात गाठ पडली नव्हती आणि दोघेही ओहायो स्टेटकडूनच हरले होते, त्यामुळे कोणाचे प्रतिस्पर्धी अधिक यशस्वी होते हे पाहिले गेले आणि निकाल पेन स्टेटच्या बाजूने लागला.

प्रतिस्पर्धी कमकुवत होते म्हणूनच हे यश मिळाले, हा आक्षेप कितपत खरा आहे?

अर्धा खरा आहे. पहिल्या चार सामन्यांतील तीन प्रतिस्पर्धी असे होते की त्यांना हरवून कोणाचीही प्रतिष्ठा वाढत नाही. गटातही ऑरेगन आणि पेन स्टेट वाट्याला आले नाहीत. जिंकलेल्या अकरा सामन्यांपैकी एकही अखेरच्या क्रमवारीतील पहिल्या २५ संघांविरुद्धचा नव्हता. प्लेऑफच्या १२ जागांपैकी एक इंडियानाला मिळाली आणि अलाबामासारखा ९-३ कामगिरीचा मातब्बर संघ बाहेर राहिला, तेव्हा दक्षिणेकडील समीक्षकांनी यावरच बोट ठेवले.

आक्षेप घेणारे दोन गोष्टी मात्र सोडून देतात. पहिली म्हणजे, कार्यक्रमपत्रिका प्रशिक्षक ठरवत नाही. ती गट आणि विद्यापीठ फार आधी ठरवतात, आणि याच विद्यापीठाने आधीची तीन वर्षे नऊ विजय मिळवले होते, तेही तीन वर्षांचे मिळून. सोपे सामने सोपेपणाने जिंकणे हीदेखील चांगल्या संघाची खूण असते. दुसरी गोष्ट हंगाम संपल्यावर स्पष्ट झाली. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय अंतिम सामना ओहायो स्टेट आणि नोत्र दाम यांच्यात झाला आणि ओहायो स्टेट ३४-२३ असा जिंकला. म्हणजे इंडियानाचे दोन्ही पराभव त्या वर्षीच्या विजेत्याकडून आणि उपविजेत्याकडून, त्यांच्याच मैदानांवर झाले होते.

नोत्र दामविरुद्धच्या सामन्यात संघाची लाज गेली, असे म्हटले जाते. ते बरोबर आहे का?

२० डिसेंबर २०२४ रोजी साउथ बेंड येथे झालेला हा सामना १२ संघांच्या नव्या प्लेऑफमधील अगदी पहिला सामना होता आणि दोन्ही विद्यापीठे एकाच राज्यातील असल्याने त्याला घरच्या भांडणाचा रंग होता. सुरुवातीलाच पाँड्सने नोत्र दामचा पास पकडला. इंडियानाने चेंडू गोललाइनच्या दिशेने नेला. आणि तिथे रूर्कचा पास झेव्हियर वॉट्सने हिसकावला. लगेच जेरेमाया लव्ह हा धावपटू मधल्या फटीतून सुटला आणि ९८ यार्ड कोणाच्याही हाती न लागता पळत गेला. तीन गुणांची अपेक्षा तरी होती तिथे सात गुण गेले. पुढे तासभर इंडियानाचे आक्रमण चाचपडत राहिले आणि शेवटच्या दीड मिनिटापर्यंत गुणफलक ३-२७ असा होता. अखेरच्या दोन टचडाउनमुळे तो १७-२७ झाला.

खेळ निराशाजनक होता, यात वाद नाही. सिग्नेटी यांनी पिछाडीवर असतानाही पंट मारण्याचा सावध मार्ग धरला, त्यावर झालेली टीकाही आम्हाला योग्य वाटते. हरण्याचे भय नसलेला माणूस त्या रात्री भ्यायलासारखा वागला. पण "हे इथे यायलाच नको होते" हा सूर टिकला नाही. त्या फेरीतील उरलेले तीन सामनेही यजमानांनीच जिंकले आणि फरक होते १४, २५ आणि २८ गुणांचे. पाहुण्यांमध्ये सर्वात कमी फरकाने हरलेला संघ इंडियानाच होता.

लाकडी बादलीसाठी दोन विद्यापीठे भांडतात, हे काय प्रकरण आहे?

इंडियाना आणि पर्ड्यू यांच्यातील वार्षिक सामन्यातील विजेत्याला १९२५ पासून ओकच्या लाकडाची जुनी बादली मिळते. दरवर्षी तिच्या साखळीला जिंकणाऱ्याच्या आद्याक्षराची, 'आय' किंवा 'पी' अशी, एक कडी जोडली जाते. १९२५ चा सामना बरोबरीत सुटल्याने पहिल्या कडीत दोन्ही अक्षरे आहेत. २०२१ पासून सलग तीन कड्या पर्ड्यूच्या होत्या. ६६-० हा इंडियानाचा पर्ड्यूवरचा आजवरचा सर्वात मोठा विजय ठरला आणि दुसऱ्याच दिवशी पर्ड्यूने आपल्या प्रशिक्षकांना काढून टाकले.

सिग्नेटी यांना याचा मोबदला काय मिळाला?

हंगाम संपण्याचीही वाट न पाहता, दहावा विजय मिळाल्यावर आठवडाभरात, विद्यापीठाने त्यांच्याशी आठ वर्षांचा नवा करार केला. वार्षिक रक्कम सुमारे ८० लाख डॉलर होती, म्हणजे मूळ करारापेक्षा बरीच अधिक. असोसिएटेड प्रेसने त्यांना वर्षाचा सर्वोत्तम प्रशिक्षक निवडले. ॲलन यांच्या कराराचा अनुभव ताजा असताना विद्यापीठाने पुन्हा असा दीर्घ करार केला, याचे तेव्हा काहींना आश्चर्य वाटले. पण न करते तर दुसरे कोणीतरी त्यांना डिसेंबरातच उचलून नेले असते.

भारतातून हे सामने कोणत्या वेळी दिसतात?

सामने बहुधा शनिवारी होतात. ब्लूमिंग्टनमध्ये दुपारी बाराला सुरू होणारा सामना नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत आपल्याकडे रात्री साडेनऊला सुरू होतो. त्या दिवशी तिकडची घड्याळे एक तास मागे जातात आणि मग तोच सामना साडेदहाला येतो. नेब्रास्का आणि वॉशिंग्टनविरुद्धचे सामने त्यामुळे जेवणानंतर आरामात पाहता आले. नोत्र दामविरुद्धचा सामना तिकडे शुक्रवारी रात्री आठला होता, म्हणजे आपल्याकडे शनिवारी सकाळी साडेसहाला. सामना साडेतीन तास चालतो हे धरून झोपेचे गणित करावे.

पुढच्या वर्षी हे यश टिकले का?

रूर्क २०२५ च्या निवडीत सातव्या फेरीत सॅन फ्रान्सिस्कोच्या व्यावसायिक संघाकडे गेला. त्याच्या जागी कॅलिफोर्निया विद्यापीठातून फर्नांडो मेंडोझा आला; फिशर, कमारा, पाँड्स आणि सॅरट थांबले; पुढच्या फळीत वजनदार माणसे आणली गेली. मेंडोझाने हाइझमन पुरस्कार मिळवला, इंडियानाने बिग टेनच्या अंतिम सामन्यात ओहायो स्टेटला १३-१० असे हरवले, रोझ बोलमध्ये अलाबामाला ३८-३ असे नमवले आणि जानेवारी २०२६ मध्ये मायामीवर २७-२१ असा विजय मिळवून, १६ पैकी १६ सामने जिंकत, आपले पहिले राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. त्या हंगामाविषयीचे प्रश्न वेगळे आहेत आणि त्यांना वेगळे पान लागेल.